वाट पाहणारी जेन

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनालयातल्या एका पुस्तकात भेटलेल्या बाईची हकीकत सांगावीशी वाटते. माझे माहेर हर्णे बंदरचे, वडील तांडेल. गलबत परतले की बायका आधी आपल्या माणसाची खबर विचारीत. म्हणून ही बाई मला परकी वाटली नाही.

जेन फ्रँकलिन १७९१ साली इंग्लंडात जन्मली. १८२८ मध्ये आरमारी अधिकारी जॉन फ्रँकलिन यांच्याशी तिचे लग्न झाले. मे १८४५ मध्ये ते दोन जहाजे घेऊन उत्तरेच्या बर्फातून वाट शोधावयास निघाले. ऑर्कने बेटांतील स्ट्रॉमनेस बंदरात त्यांनी गोडे पाणी भरून घेतले. जुलैअखेर व्हेल मासे मारणाऱ्या दोन जहाजांना ते दिसले. त्यानंतर १२९ माणसांपैकी एकही परतला नाही.

आरमाराचे वरिष्ठ प्रथम स्वस्थच होते. जेन मात्र १८४९ साली भाचीला घेऊन ऑर्कने आणि शेटलंडच्या बंदरांत गेली. व्हेल मारणारे खलाशी दरसाल त्या बर्फात जात. तिथली खरी माहिती त्यांच्यापाशीच होती. तिने त्यांना विचारपूस केली, शोधासाठी बक्षिसे लावली. १८५० मध्ये त्याच धंद्यातले कप्तान पेनी अ‍ॅबरडीनहून निघाले. त्यांच्या माणसांना बीची बेटावर तीन थडगी सापडली.

१८५४ साली सरकारने सर्वांना मृत ठरविले. जेनने सुतकी काळा पोशाख टाकून रंगीत कपडे घातले आणि विधवेचे पेन्शन नाकारले. मग स्वतःचे व लोकांनी दिलेले पैसे घालून तिने ‘फॉक्स’ हे जहाज घेतले. अ‍ॅबरडीन बंदरात ते बर्फासाठी मजबूत करून घेतले. कप्तान मॅक्लिंटॉक पगार न घेता १८५७ मध्ये निघाले. १८५९ मध्ये त्यांच्या माणसांना दगडांच्या ढिगात एक कागद मिळाला. फ्रँकलिन ११ जून १८४७ लाच वारले होते! म्हणजे तिची बारा वर्षांची धडपड पतीच्या मृत्यूनंतरची होती. १८६० मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

पण तिची एक चूकही सांगितली पाहिजे. ऑर्कनेचेच डॉक्टर जॉन रे यांनी १८५४ मध्ये तिथल्या इनुइट लोकांकडून खबर आणली होती की, माणसे उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले. जेनला ते सोसवले नाही. तिने रे यांना दोष दिला. इनुइटांना खोटे ठरविण्यात आले. पुढे हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्या आणि ती खबर खरी ठरली. ती १८७५ मध्ये वारली. जहाजे २०१४ आणि २०१६ साली सापडली, तीही इनुइटांच्या सांगण्याचा आधार घेऊन.

बंदरावरच्या बायकांना मी नेहमी चांगल्या खबरेची वाट पाहताना पाहिले आहे. वाईट खबर आणणाऱ्यावर रागावणाऱ्याही पाहिल्या. म्हणून जेनचा राग मला कळतो. पण भगिनींनो, तिच्या चिकाटीइतकेच हेही आपण ध्यानी ठेवू या, की खबर आणणाऱ्याचे ऐकून घ्यावे.