मोरलंडचा दट्ट्या

हापशाचा दांडा खालीवर होतो, पण पाणी काही वर येत नाही, हा अनुभव खेड्यात राहिलेल्या माणसाला नवा नाही. दोष दरवेळी पाण्याचा नसतो. पुष्कळदा नळीच्या आत सरकणाऱ्या दट्ट्यावरचे चामडे झिजलेले असते. दट्ट्या आणि नळी यांच्यामध्ये बारीकशी फट पडली, की उचललेले पाणी त्या फटीतून परत खाली जाते आणि दांडा मारणाऱ्याचे श्रम फुकट जातात. दट्ट्याचा पंप हे यंत्र दोन हजार वर्षांहून जुने आहे. अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो रचला, रोमन लोकांनी तो वापरला. परंतु त्याचे हे दुखणे सतराव्या शतकापर्यंत तसेच चालत आले. त्यावरचा मुळातून वेगळा उपाय ज्याच्या नावावर जमा आहे, तो सर सॅम्युएल मोरलंड हा काही कारागीर नव्हता. तो आधी प्राध्यापक, मग वकिलातीतला मनुष्य, मग हेर आणि शेवटी दरबारी झाला. इतिहासाने त्याची आठवण ठेवली ती बहुतांशी हेर म्हणून. यात थोडा अन्याय आहे.

मोरलंडचा जन्म १६२५ साली इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. विंचेस्टरची शाळा आणि केंब्रिजचे मॉडलिन कॉलेज असे त्याचे शिक्षण झाले. १६४९ साली, म्हणजे ज्या वर्षी पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला त्याच वर्षी, तो त्या कॉलेजात फेलो झाला. पुढे दैनंदिनीमुळे अजरामर झालेला सॅम्युएल पेपिस हा त्याचा तेथील विद्यार्थी. गुरूविषयी या शिष्याचे मत मात्र फारसे चांगले नव्हते.

क्रॉमवेलच्या राजवटीत मोरलंडला वाव मिळाला. १६५३ साली तो स्वीडनला गेलेल्या शिष्टमंडळात होता. तेथून परतल्यावर क्रॉमवेलचा सचिव जॉन थर्लो याच्या हाताखाली तो लागला. १६५५ साली पीडमाँटच्या डोंगरांत वाल्डेन्शियन पंथाच्या प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल झाली, तेव्हा इंग्लंडचा निषेध सॅव्हॉयच्या ड्यूकच्या कानी घालण्याची कामगिरी तिशीतल्या मोरलंडवर सोपवण्यात आली. त्या लोकांच्या इतिहासावर त्याने १६५८ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जमवलेली हस्तलिखिते केंब्रिजच्या ग्रंथालयाला दिली.

थर्लोचे कार्यालय म्हणजे हेरखातेच होते. येणारीजाणारी पत्रे तेथे गुपचूप उघडली जात आणि मोहोर जशीच्या तशी बसवून पुढे पाठवली जात. या कार्यालयातच मोरलंडची निष्ठा पालटली. परागंदा असलेल्या दुसऱ्या चार्ल्सला फसवून इंग्लंडात आणायचे आणि ठार करायचे, असा बेत शिजताना आपण झोपेचे सोंग घेऊन ऐकला, असे त्याने पुढे सांगितले. या हकिगतीला आधार त्याच्याच शब्दाचा आहे, त्यामुळे ती जपून घेतली पाहिजे. निर्विवाद एवढेच, की १६५९ साली त्याने राजपक्षाला गुप्त बातम्या पुरवल्या आणि त्यांच्यातल्या सर रिचर्ड विलिस या फितुराचे नाव उघड केले. वाऱ्याची दिशा पाहून त्याने शीड फिरवले, असे म्हणता येईल. परंतु बेत फसता, तर त्याच्या मानेवर शिर राहिले नसते, हेही खरे. १६६० साली राजा परतला आणि मोरलंड ‘सर’ झाला, बॅरोनेट झाला. पैसा मात्र त्याच्या हाती टिकला नाही. उधळा नव्हे म्हणावे, तर कर्ज जन्मभर सुटले नाही.

मग तो यंत्रांकडे वळला. पत्रे उघडण्याची व त्यांची नक्कल करण्याची यंत्रे त्याने राजाला दाखवली, ती १६६६ च्या लंडनच्या आगीत गेली. त्याच वर्षी पौंड, शिलिंग आणि पेन्स यांची बेरीज करणारे खिशात मावेल असे यंत्र त्याने बनवले. ते दिसायला छान, पण उपयोगाला बेताचे, असा पेपिसचा अभिप्राय होता. दूरवर आवाज पोहोचवणाऱ्या कर्ण्यावर त्याने १६७१ साली पुस्तिका काढली. या सगळ्यांत हुशारी आहे, पण दरबाराची करमणूकही आहे. पंपाचे काम वेगळ्या जातीचे होते.

जुन्या दाबपंपात एक पोकळ नळकांडे असे आणि त्यात चामड्याची कड लावलेला दट्ट्या सरके. दट्ट्या सैल बसला तर पाणी निसटते. घट्ट बसला तर निम्मी ताकद घर्षणात जाते. तो नेमका बसायचा, तर नळकांड्याची आतली भिंत वरपासून खालपर्यंत सारखी गोल आणि गुळगुळीत हवी. लांब पोकळीची आतली बाजू अशी कोरून काढणे हे त्या काळच्या कारागिराला सर्वांत अवघड काम होते. मोठी नळकांडी अचूक कोरणारे जॉन विल्किन्सनचे यंत्र १७७४ साली आले. त्याआधी, १७१२ साली, न्यूकोमेनला आपल्या वाफेच्या इंजिनात दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवून चामड्याची फट बुजवावी लागली होती. शिवाय खाणीतल्या पाण्यात वाळू आणि कचखडी असे. ती चामडेही खाई आणि भिंतीवर ओरखडेही पाडी. बरे, गळती नळकांड्याच्या पोटात, म्हणजे डोळ्यांआड. दुरुस्तीसाठी सगळा पंप उकलावा लागे.

मोरलंडने प्रश्नच उलटा केला. चामडे दट्ट्याबरोबर फिरलेच पाहिजे असे कोठे आहे? त्याने ते नळकांड्याच्या तोंडाशी कायमचे बसवले आणि आखूड दट्ट्याऐवजी एक लांब दंडगोल घेतला. हा दंडगोल चामड्याच्या कड्यातून आतबाहेर होतो, पण आतल्या भिंतीला शिवत नाही. काठोकाठ भरलेल्या घागरीत मुसळ घातले, तर मुसळाने जितकी जागा अडवली तितके पाणी बाहेर सांडते. येथेही दंडगोल आत शिरला, की तितकेच पाणी झडपेतून वर चढते. तो मागे सरला, की दुसऱ्या झडपेतून नवे पाणी आत येते. आता भिंत खडबडीत असली तरी बिघडत नाही. गुळगुळीत हवा तो फक्त दंडगोलाचा बाहेरचा पृष्ठभाग, आणि बाहेरून कातणे हे आतून कोरण्यापेक्षा कितीतरी सोपे. चोराच्या मागे गावभर धावण्यापेक्षा वेशीवर पहारा बसवावा, तसा हा प्रकार. पाणी गळू लागले तर ते वेशीवरच दिसते, आणि चामडे तेथल्या तेथे आवळता किंवा बदलता येते. आज याला प्लंजर पंप म्हणतात. अधिक चांगले चामडे किंवा अधिक कुशल कारागीर शोधण्याऐवजी अचूकपणाची गरजच सोप्या जागी हलवायची, ही यातली खरी बुद्धी.

या पंपाविषयीचे विधेयक १६७४ साली पार्लमेंटपुढे आले, पण त्याचा कायदा झाला नाही. मार्च १६७५ मध्ये राजाने चौदा वर्षांचे पेटंट दिले. विहिरी, जहाजे, खाणी आणि आग विझवणे अशा नाना कामांसाठी मोरलंड आपले पंप खपवू लागला. १६८१ साली विंडसर येथे राजाराणीसमक्ष त्याने प्रयोग केला. आठ माणसांच्या बळावर पाणी किल्ल्याच्या माथ्यापर्यंत आणि तेथून आणखी साठ फूट उंच उडाले, तेही तासाला साठाहून अधिक पिंपे. धार लांबून दिसावी म्हणून पाण्यात तांबडी दारू मिसळली होती. दरबारी मनुष्य दरबार विसरला नव्हता! राजाने त्याला यंत्रविद्येचा मुख्य ही पदवी दिली.

लगेच त्याला फ्रान्सचे बोलावणे आले. चौदाव्या लुईला व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सीन नदीचे पाणी डोंगरावर चढवायचे होते. मोरलंडने तेथे पाणी उचलण्याच्या कलेवर लिहिले. १६८५ साली त्याचे पुस्तक पॅरिसमध्ये छापले गेले. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारे दोन हजार पट जागा व्यापते, असे त्याने १६८२ च्या एका टिपणात नोंदवले आहे. आजचा आकडा सुमारे सतराशे. न्यूकोमेनच्या तीस वर्षे आधी एवढ्या जवळ जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मार्लीचे प्रचंड यंत्र मात्र चौदा चाकांचे आणि दोनशेंहून अधिक पंपांचे उभे राहिले ते लिएजच्या आर्नोल्ड द व्हिल आणि रेनकँ स्वालेम यांच्या हातून. मोरलंड घरी परतला तो कर्ज वाढवून.

त्याच्या कल्पनेला खरे गिऱ्हाईक शंभर वर्षांनी मिळाले. कॉर्नवॉलच्या खोल खाणींत १७९७ च्या सुमारास रिचर्ड ट्रेव्हिथिकने प्लंजरचे पंप बसवले, कारण वाळूमिश्रित पाण्यापुढे जुन्या दट्ट्यांचे काही चालेना. १७९५ साली पेटंट घेतलेल्या जोसेफ ब्रामाच्या जलदाब यंत्रातही तोंडाशी बसवलेले चामडेच पाणी अडवते. दाब वाढेल तसे आपोआप घट्ट होणारे चामड्याचे कडे तेथे आले, आणि त्याचे श्रेय ब्रामाचा कारागीर हेन्री मॉडस्ली याला देतात.

मोरलंडची अखेर कष्टाची झाली. तीन पत्नी एकामागून एक वारल्या. दुसरीची आणि तिसरीची समाधी वेस्टमिन्स्टर ॲबेत आहे, तीवर हिब्रू, ग्रीक आणि इथिओपिक भाषांत लेख कोरवून त्याने आपले पांडित्यही मिरवले. १६८७ साली, वारसाहक्काने श्रीमंत झालेली म्हणून ज्या बाईशी त्याने लग्न केले, ती निष्कांचन निघाली. पत्रे उघडून दुसऱ्यांची गुपिते काढणारा हा मनुष्य स्वतः असा फसला, आणि ती हकिगत त्याने कळवली ती जुन्या शिष्याला, पेपिसला. ते लग्न लवकरच मोडले. पुढे दृष्टी गेली. १६९५ च्या ऑक्टोबरात जॉन एव्हलिन हॅमरस्मिथच्या घरी त्याला भेटला, तेव्हा त्याने प्रेमगीतांची दोनशे पौंडांची पुस्तके नुकतीच सहा फूट खोल पुरली होती. हाताने चाचपून वाचायची लाकडी दिनदर्शिका त्याने पाहुण्याला दाखवली, आणि पंपही दाखवला. टेम्सच्या काठचे ते पाणी पंपातून स्वच्छ होऊन येई. त्याच वर्षीच्या जुलैत त्याने तेथे एक शिळा बसवली होती. शेजारी, परका, वाटसरू, भिकारी, कोणालाही हे पाणी मोफत असून आपल्यामागे येणाऱ्या कोणी ते नाकारू नये, अशी विनंती तीवर होती. ३० डिसेंबर १६९५ रोजी तो त्याच घरी वारला.