दोरीवरून छापखान्याकडे: संत जॉन बॉस्को

युवकांना चर्चकडे आणायचे कसे, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत वारंवार चर्चिला जातो. संत जॉन बॉस्को ह्यांनी बालपणीच त्याचे उत्तर शोधले, तेही दोरीवर चालून!

१६ ऑगस्ट १८१५ रोजी आजच्या इटलीतील बेक्की ह्या वाडीत एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच पितृछत्र हरपले. माता मार्गरिटा हिने मुलांना वाढविले. जत्रेतील डोंबाऱ्यांचे व जादूगारांचे खेळ जॉन निरखून पाही आणि पडत-झडत तेच शिके. मग कुरणात झाडांना दोर बांधून खेळ होई. तिकीट मात्र पैशांचे नव्हते. प्रेक्षकांनी आधी जपमाळेची प्रार्थना करायची, चर्चमधील प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे, त्यानंतरच कसरती!

५ जून १८४१ रोजी गुरुदीक्षा झाल्यावर तुरिन शहरात कामासाठी आलेली निराधार मुले त्यांनी जवळ केली. त्यांचा गोंगाट कोणालाच नको होता. एका जागेवरून दुसऱ्या जागी हाकलले जात अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्डोक्को येथील एका पडवीत त्यांना आसरा मिळाला. फादरांना वेड लागले आहे, अशी शंका काही धर्मगुरूंनाही आली होती. त्या पडवीभोवती खेळ, संगीत व नाटके बहरली. १८५० पासून मेट्रिक मापे सक्तीची होणार होती, म्हणून त्यांनी त्या विषयावर विनोदी संवाद लिहून मुलांकडून रंगमंचावर सादर करविले. आम्हांला हा प्रसंग विशेष मोलाचा वाटतो. बाजारात मुलगा फसू नये, हीही धर्मगुरूचीच चिंता होती.

१८५३ साली त्यांनी ‘कॅथोलिक वाचन’ ही स्वस्त, सोप्या भाषेतील मासिक पुस्तकमाला सुरू केली. त्या धर्मवादाच्या काळात ह्या लेखनापायी त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले, तरी लेखणी थांबली नाही. १८६२ च्या सुमारास वाल्डोक्कोत छापखाना आला आणि मुले तेथे मुद्रणकला शिकू लागली. १८८४ च्या तुरिन प्रदर्शनात तर कागद तयार होण्यापासून पुस्तकाच्या बांधणीपर्यंतचे सारे काम त्यांनी लोकांच्या डोळ्यांदेखत करून दाखविले.

३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. अकरावे पायस ह्यांनी तरुण धर्मगुरू असताना १८८३ मध्ये वाल्डोक्कोत राहून हे कार्य पाहिले होते. त्याच पोप महाशयांनी १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, डॉन बॉस्को ह्यांना संतपद बहाल केले.