मोटारीच्या धुराला आवर घालणारा संशोधक : यूजेन हूद्री

जयपूर शहरातून दक्षिणेकडे टोंकच्या दिशेने निघालेल्या रस्त्यावर दुर्गापुरा हा गजबजलेला भाग लागतो. या रस्त्याने धावणाऱ्या आजच्या प्रत्येक पेट्रोल मोटारीच्या तळाशी, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान, पोलादी आवरणातील एक डबा बसविलेला असतो. इंजिनातून बाहेर पडणारे विषारी वायू याच डब्यात निकामी होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या नावाने तो ओळखला जातो. मोटारीसाठी या साधनाची कल्पना मांडून तिचे पेटंट मिळविणारे फ्रेंच अभियंते यूजेन हूद्री यांचे आयुष्य विलक्षण होते. उमेदीची वर्षे त्यांनी जगाला अधिक आणि अधिक चांगले पेट्रोल मिळवून देण्यात घालविली, तर उत्तरायुष्य त्याच पेट्रोलच्या धुराचा बंदोबस्त करण्यात.

पोलादाच्या कारखान्यातून रणांगणावर

हूद्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळील दोमों या गावी झाला. वडिलांचा पोलादाचा भरभराटीचा व्यवसाय होता. पॅरिसमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९११ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने आणि सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले. पुढे घरच्या व्यवसायात शिरलेल्या या तरुणाला पहिल्या महायुद्धाने रणगाडा दलात नेले. १९१७ मध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले. शत्रूच्या माऱ्यातही नादुरुस्त रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था लावल्याबद्दल त्यांना शौर्यपदक देण्यात आले.

युद्धानंतर ते व्यवसायात परतले खरे, परंतु त्यांचे मन मोटारींच्या शर्यतींत रमू लागले. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी फोर्ड कंपनीचा कारखाना आणि इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली. इंजिन कितीही उत्तम बनविले तरी त्याची ताकद शेवटी इंधनाच्या दर्जावर अवलंबून असते, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. फ्रान्समध्ये खनिज तेलाचे साठे नगण्य होते आणि युद्धाने तेलाचे महत्त्व सर्वांनाच पटविले होते. त्यामुळे देशातील लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल बनविण्याच्या प्रयोगांत त्यांनी स्वतःला झोकून दिले.

अपयशातून सापडलेला मार्ग

सरकारी मदतीने १९२९ मध्ये रोज ६० टन लिग्नाइटवर प्रक्रिया करणारा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. पेट्रोल तयार झाले, मात्र त्याचा खर्च परवडणारा नव्हता. सरकारने हात आखडता घेतला आणि कारखाना बंद पडला. तथापि, या काळात हूद्री यांनी शेकडो उत्प्रेरक तपासले होते. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. सिलिका आणि ॲल्युमिना यांनी युक्त अशी एक विशिष्ट माती जड तेलाचे उत्तम पेट्रोल बनविते, असे त्यांना आढळून आले. प्रयोगशाळेत तयार झालेल्या इंधनाची परीक्षा ते आपल्या बुगाटी शर्यतीच्या मोटारीवर घेत असत.

अडचण एकच होती. काही मिनिटांतच उत्प्रेरकावर कार्बनचा थर चढे आणि त्याचे काम थांबे. हूद्री यांनी त्यावर सोपा, परंतु दूरगामी परिणाम करणारा उपाय शोधला. गरम हवा सोडून हा थर जाळून टाकायचा आणि उत्प्रेरक पुन्हा कामाला लावायचा. एका पात्रात तेलावर प्रक्रिया चालू असताना दुसऱ्या पात्रातील उत्प्रेरक स्वच्छ होत राहील, अशी रचना त्यांनी केली. जळणाऱ्या कार्बनची उष्णताही त्यांनी वाया जाऊ दिली नाही.

फ्रान्समध्ये पाठबळ न मिळाल्याने १९३० मध्ये एका अमेरिकन तेल कंपनीच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत गेले. १९३७ मध्ये सन ऑइल कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातील मार्कस हूक येथील शुद्धीकरण कारखान्यात त्यांच्या पद्धतीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या उच्च ऑक्टेनच्या इंधनाच्या निर्मितीत या पद्धतीचा मोठा वाटा होता.

फ्रान्सचा पाडाव झाल्यावर जर्मनीशी हातमिळवणी करणाऱ्या विशी सरकारला हूद्री यांनी उघड विरोध केला आणि अमेरिकेत स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने संघटना उभारली. परिणामी १९४१ मध्ये त्या सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशासाठी त्यांनी रक्त सांडले, त्याच देशाच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना परके ठरविले. पुढील वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

धुराचा प्रश्न

युद्ध संपले आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर मोटारींची संख्या झपाट्याने वाढू लागली. लॉस एंजेलिसवर पसरणाऱ्या दाट धुरक्याचा मोटारींच्या धुराशी असलेला संबंध शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. शहरांतील दूषित हवेचा आरोग्यावर, विशेषतः फुप्फुसांवर होणारा परिणाम हूद्री यांना अस्वस्थ करीत होता. त्यांनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट ही कंपनी स्थापन केली. कारखान्यांची धुराडी आणि गोदामांतील मालवाहू फोर्कलिफ्ट गाड्या यांच्यासाठी शुद्धीकरणाची साधने बनविल्यानंतर ते मोटारीकडे वळले. एप्रिल १९५६ मध्ये त्यांना मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे अमेरिकन पेटंट मिळाले.

तत्त्व त्यांच्या जुन्या कामाशीच नाते सांगणारे होते. तप्त उत्प्रेरकावरून धूर गेला की त्यातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचा ऑक्सिजनशी संयोग होतो, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडते. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढविण्यासाठी शिशाचे संयुग मिसळले जात असे. हे शिसे उत्प्रेरकावर बसले की तो कायमचा निकामी होई. कार्बनचा थर जाळून काढता येत होता, शिशाच्या थराला तो उपाय चालत नव्हता. ज्यांनी पेट्रोल सुधारले, त्यांचे साधन पेट्रोलमधील भेसळीपुढे अडले.

१९५९ मध्ये रसायन उद्योगातील प्रतिष्ठेचे पर्किन पदक हूद्री यांना देण्यात आले. १८ जुलै १९६२ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, पेनसिल्व्हेनियात त्यांचे निधन झाले. त्या वेळी एकाही देशात मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा नव्हता.

मृत्यूनंतरचे यश

अमेरिकेने १९७० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा केला आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर आला. सोबत शिसेविरहित पेट्रोलही द्यावे लागले. चुकून शिसेयुक्त पेट्रोल भरले जाऊ नये म्हणून या मोटारींच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवण्यात आले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांनाही आवर घालणारा सुधारित कन्व्हर्टर त्याच दशकात विकसित झाला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे ही सक्ती टप्प्याटप्प्याने इतर मोठ्या शहरांना लागू झाली. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. २०२१ मध्ये अल्जीरियाने शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबविली आणि मोटारींच्या इंधनातून शिसे जगभर हद्दपार झाले.

जुन्या डब्याची नवी परीक्षा

आता शिशाचा धोका टळला असला तरी दुसरा निर्माण झाला आहे. दुर्गापुऱ्यासारख्या शहरी भागांत काय, किंवा पुण्या-नागपुरात काय, मोटारीचा आवाज भारदस्त व्हावा म्हणून मूळ सायलेन्सर काढून वेगळी नळी जोडून घेण्याची हौस दिसते. यात अनेकदा कन्व्हर्टरच गाळला जातो. वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करता येत नाही.

कन्व्हर्टर पुन्हा बसवायचा झाला तरी तो कोठेही जोडून चालत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमान गाठल्याखेरीज उत्प्रेरक काम सुरू करीत नाही. त्यामुळे तो इंजिनापासून दूर गेला तर वायू वाटेतच थंड होतात आणि विषारी धूर अधिक काळ तसाच बाहेर पडतो. वेल्डिंगचा सांधा गळका राहिला तर बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. इंजिनात ठिणगी चुकत असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि मधाच्या पोळ्यासारखी आतील जाळी वितळू शकते.

म्हणजेच कन्व्हर्टर हा सुटा डबा नव्हे. इंधन, इंजिन आणि धुराची नळी ही तिन्ही नीट असतील तरच तो आपले काम बजावतो. हूद्री यांच्या हयातीत इंधनाने त्यांच्या शोधाला साथ दिली नाही. आज इंधन शुद्ध मिळते, त्यामुळे तो शोध टिकविण्याची जबाबदारी मोटारमालक आणि मेकॅनिक यांच्यावर आली आहे.