विश्लेषण : दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या अ‍ॅपमध्ये जोडला कसा जातो? त्याचा पाया घालणाऱ्या ग्रेस हॉपर कोण होत्या?

मोबाइलमधले कोणतेही अ‍ॅप घ्या, त्यातला सगळा कोड ते बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेला नसतो. फोटो लहान करणे, नकाशा दाखवणे, पासवर्ड सुरक्षित ठेवणे अशा कामांसाठी इतरांनी आधीच लिहिलेल्या ‘लायब्ररी’ वापरल्या जातात. प्रोग्रामर लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती सांगतो. ती शोधून मूळ कोडला जोडण्याचे काम ‘बिल्ड सिस्टीम’ आणि ‘लिंकर’ करतात. हे काम यंत्राकडे सोपवता येते हे ग्रेस हॉपर यांनी ७० वर्षांपूर्वी दाखवले, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वासच बसला नव्हता.

कोण होत्या ग्रेस हॉपर?

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये त्यांनी गणितात पीएचडी मिळवली. व्हासर कॉलेजात त्या गणित शिकवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलात जायचे ठरवले. वजन नियमापेक्षा कमी भरले, तरी विशेष परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर झाली.

वह्यांमधली लायब्ररी म्हणजे काय?

मार्क वनला सूचना कागदी पट्टीवर छिद्रे पाडून दिल्या जात. साइनसारखी काही गणिते पुन्हा पुन्हा लागत. म्हणून हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक व रॉबर्ट कॅम्पबेल तपासून पाहिलेले कोडचे तुकडे वह्यांमध्ये लिहून ठेवत. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. हीच त्यांची लायब्ररी. अडचण एकच होती, ती म्हणजे जोडणी हाताने करावी लागे.

हाताने जोडताना काय बिघडत होते?

१९४९ मध्ये हॉपर एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. तिथे युनिव्हॅक संगणक तयार होत होता. इथे दोन चुका वारंवार होत. पहिली उतरवण्याची. घाईत लिहिलेले इंग्रजी ‘बी’ अक्षर १३ असे वाचले जाई. दुसरी बेरजेची. प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकापासून लिहिलेला असे. तो प्रोग्रॅममध्ये ५०० व्या जागी ठेवला, तर त्यातल्या ‘७ व्या सूचनेकडे जा’चे ‘५०७ व्या सूचनेकडे जा’ करावे लागे. असा एक पत्ता जरी बदलायचा राहिला, तरी उत्तर चुकत असे.

‘ए-झिरो’ने काय बदलले?

हॉपर यांनी तुकडे चुंबकीय टेपवर साठवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त क्रमांक लिहायचा. तुकडा शोधणे, उतरवणे आणि पत्ते बदलणे ही कामे यंत्राने करायची. १९५२ पर्यंत ही ‘ए-झिरो’ प्रणाली चालू झाली. हॉपर तिला कम्पायलर म्हणत, पण आजच्या भाषेत ती लिंकरच्या जास्त जवळची होती. त्याच काळात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनीही अशा तुकड्यांचा संग्रह उभारला होता. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा तयार करेल, असे म्हणून अनेकांनी ए-झिरोकडे सुरुवातीला पाठ फिरवली. हॉपर थांबल्या नाहीत. पुढची आवृत्ती ‘ए-टू’ ग्राहकांना मूळ कोडसह देऊन त्यांच्याकडून सुधारणा मागवण्यात आल्या. ओपन सोर्सची ही सुरुवातीची पावले मानली जातात.

पुढे काय झाले?

इंग्रजी शब्दांत सूचना देता येणारी ‘फ्लो-मॅटिक’ भाषा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या ‘कोबोल’वर तिचा मोठा प्रभाव पडला. १९४७ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क टू’मध्ये सापडलेल्या पतंगामुळे ‘बग’ हा शब्द हॉपर यांनी रूढ केला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तांत्रिक दोषासाठी तो शब्द आधीपासून वापरात होता. नौदलाने निवृत्तीनंतर त्यांना १९६७ मध्ये परत बोलावले. रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचा संबंध काय?

ग्रेडल, सीमेक यांसारखी साधने आज तेच करतात. नाव दिले की लायब्ररी शोधायची, तिची योग्य आवृत्ती घ्यायची आणि जोडायची. लायब्ररी सापडली नाही किंवा आवृत्ती जुळली नाही, तर बिल्ड थांबतो. उतरवण्याच्या चुका संपल्या, पण नवा धोका आला. हॉपर यांच्या वहीतला तुकडा कोणी लिहिला हे सगळ्यांना माहीत असे. आज एक लायब्ररी आणखी दहा लायब्ररी सोबत घेऊन येते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ती आपल्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आहे हे शोधण्यातच जगभरच्या कंपन्यांचा बराच वेळ गेला. जोडणी यंत्राने केली, तरी काय जोडले आहे याची यादी ठेवणे आणि ती वेळोवेळी तपासणे ही जबाबदारी माणसाचीच आहे.