र. धों. कर्वे : स्त्रीच्या आरोग्याचा हिशेब मागणारा गणिती

बाळंतपणात आई दगावली, की तिची नोंद होते. ती वाचली, पण पुढची दहा वर्षे कंबरदुखी, रक्तक्षय आणि पुन्हा दिवस जाण्याची धास्ती घेऊन जगली, तर त्याची नोंद कुठे करायची? आज आरोग्यशास्त्रात याला ‘आरोग्याशी निगडित जीवनमान’ म्हणतात आणि ते मोजण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. अशी कोणतीही मोजपट्टी हाती नसताना महाराष्ट्रात या प्रश्नासाठी आयुष्य वेचणारा माणूस डॉक्टर नव्हता. ते होते गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. स्त्रीशिक्षणासाठी झटणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्या काळी ही घटना कोणत्याही घरात घडू शकत होती आणि घडतही होती. तिला नशीब म्हणून सोडून देण्याची रीत होती. पुढे मुलाने मात्र या नशिबाचीच कारणे शोधली.

पुण्यात शिक्षण झाल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. मधल्या काळात गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आले. संततिनियमनाची साधने तिथे त्यांनी पाहिली आणि परतल्यावर १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले पहिले केंद्र उघडले होते. म्हणजे या विषयात मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे त्यांचे पुस्तक आले.

त्यांच्या विचारात लोकसंख्या हा एक मुद्दा होता, पण केवळ तेवढाच नव्हता. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे. तिच्या शरीरसुखालाही पुरुषाच्या सुखाइतकीच किंमत आहे, असे ते उघड मांडत. प्राध्यापकाने असे बोलावे हे कॉलेजच्या चालकांना रुचले नाही. कर्वे यांनी मते सोडली नाहीत, नोकरी सोडली. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. पत्नी मालतीबाई ठामपणे पाठीशी राहिल्या. या जोडप्याने स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, असे विचारपूर्वक ठरवले होते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अखेरपर्यंत चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. जे घरात बोलता येत नाही, वैद्याला सांगताना जीभ अडखळते, ते लोक पत्रातून विचारत. उत्तर सरळ भाषेत, शरीरशास्त्राच्या आधाराने मिळे. दुखणे नेमके काय आहे हे ज्याचे त्याला सांगू द्यावे, ही साधी गोष्ट त्या पानांवर घडत होती.

यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. पुढचा खटला वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच भरला गेला. या वेळी, १९३४ मध्ये, त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला होता आणि तो लढा अजून संपला नव्हता. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्वे यांना दंड भरावा लागला, त्यातले बरेचसे आता सरकारी धोरण झाले होते. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी कार्यक्रमाचा भर मात्र दीर्घकाळ जन्मदरावर आणि शस्त्रक्रियांच्या संख्येवर राहिला. त्या बाईला स्वतःला बरे वाटते का, हा प्रश्न मागेच पडला.

तो प्रश्न विज्ञानाने उशिरा हाती घेतला. आरोग्य म्हणजे फक्त रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये स्वीकारली. ते मोजायचे कसे, यासाठी संघटनेने १९९० च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. त्या कामातील केंद्रांमध्ये दिल्ली आणि चेन्नईही होती. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत. शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवतालची परिस्थिती असे त्याचे चार भाग. दुखण्यामुळे कामे अडतात का, झोप नीट लागते का, गरजेपुरता पैसा आहे का, लैंगिक जीवनाबद्दल समाधान आहे का, असे ते प्रश्न असतात. मागच्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे आणि गुण देणारी व्यक्ती डॉक्टर नसते, नवरा किंवा सासूही नसते. ती बाई स्वतःच असते.

याची गरज आजही आहे. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१४-१६ मध्ये ६१ होते. २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. मोठेच यश आहे हे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे बाळंतपणातून वाचणाऱ्या बायका वाढल्या, तरी निम्म्याहून अधिक जणी रोजची कामे अपुऱ्या रक्तावर रेटत आहेत.

जिना चढताना धाप लागणे, पाळीत फार रक्तस्राव होणे, सततचा थकवा, अंगावरून जाणे, नको असलेल्या गर्भधारणेची भीती या तक्रारी बाईच्या जातीला असायच्याच म्हणून सोडून देऊ नयेत. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय समजतात. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, लोहाच्या गोळ्या आणि गर्भनिरोधक साधनेही मिळतात. तपासणीला गेल्यावर फक्त रिपोर्ट दाखवू नये. झोप, भूक, मनःस्थिती आणि कामाची ताकद यांबद्दलही डॉक्टरांना सांगावे. त्यांनी विचारले नाही, तरी सांगावे.