पोरं बिघडायच्या आधीच त्यांना गाठणारे डॉन बॉस्को

डॉन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं सिनेमातला गुंड उभा राहतो. इटलीत मात्र पाद्र्याच्या नावाआधी हा शब्द आदरानं लावतात, जसं आपल्याकडं शिक्षकाला गुरुजी म्हणतात. मुंबईत माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेमुळं हे नाव आपल्याकडंही बऱ्याच जणांच्या कानावर आहे. पण ज्यांच्या नावानं ती शाळा आहे, त्या माणसाच्या कामाची सुरुवात तुरुंगातून झाली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. चोऱ्या-माऱ्या करून आत गेलेली पोरं सुटतात आणि काही दिवसांत पुन्हा आत येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. असं का होतं, या एका प्रश्नामागं त्यांनी सगळं आयुष्य घालवलं.

बाप गेला, आई खंबीर राहिली

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा. गाव बेक्की. इटलीच्या उत्तरेकडं पिडमाँट नावाचा भाग आहे, तिथली ही चार घरांची वाडी. आजूबाजूला टेकड्या आणि द्राक्षांचे मळे. घरची थोडी जमीन, बाकी दुसऱ्याच्या शेतात राबणं. जॉन दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील न्यूमोनियानं गेले. त्याच वर्षी भागात दुष्काळ पडला. पदरात जॉन, त्याचा थोरला भाऊ, नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली सासू. एवढा सगळा भार आई मार्गेरिता यांच्यावर आला. त्यांचं वय तेव्हा २९. दुसऱ्या लग्नाचं स्थळ आलं, पण मुलं दुसऱ्याच्या हवाली करावी लागणार म्हटल्यावर त्यांनी सरळ नकार दिला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी घरात शिस्त होती आणि दारात आलेला भुकेला माणूस उपाशी परत जात नव्हता.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडलं. अंगणात पोरांचा घोळका मारामाऱ्या करतोय, शिव्या देतोय आणि तो त्यांना गप्प करायला बुक्क्या मारत सुटलाय. तेवढ्यात एक माणूस येऊन सांगतो की मारून ही पोरं आपली होणार नाहीत, मायेनं होतील. हे स्वप्न त्यांना जन्मभर आठवत राहिलं.

सालानं राहिलेला पोरगा

जॉनला शिकायचं होतं. सावत्र भाऊ अँटनी मात्र शेतात राबणारा. पुस्तक हातात दिसलं की त्याचा पारा चढायचा. रोजची भांडणं व्हायला लागली. शेवटी आईनं काळजावर दगड ठेवला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, बारा वर्षांच्या पोराला कपड्याचं गाठोडं देऊन बाहेर काम शोधायला पाठवलं. मोल्या नावाच्या शेतकऱ्याकडं तो गुरं राखायला राहिला. जवळपास दोन वर्षं तिथं काढली. घर नसलेल्या पोराला रात्र कशी वाटते, हे त्याला तेव्हाच कळलं.

पुढं एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्याला शिकवायला घेतलं, पण तेही लवकर गेले. तरी जॉननं शाळा सोडली नाही. किएरी या गावी शिकायला राहिला, तेव्हा कधी शिंप्याकडं, कधी कॉफीच्या दुकानात काम करून खर्च भागवला. अंगात एक कला होती. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून बघून तो दोरीवर चालणं, उड्या मारणं, हातचलाखी शिकला होता. गावातली पोरं गोळा करायची, खेळ दाखवायचे आणि मध्येच सगळ्यांकडून प्रार्थना म्हणून घ्यायची. हीच कला पुढं कामी आली.

५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात ते पाद्री झाले. तेव्हापासून लोक त्यांना डॉन बॉस्को म्हणायला लागले.

तुरुंगात काय दिसलं

तुरिन तेव्हा त्या राज्याची राजधानी. शहर वाढत होतं, जिकडं तिकडं बांधकामं चालू होती. खेड्यापाड्यांतून दहा-बारा वर्षांची पोरं कामाला यायची. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी दगड फोडायला, कुणी गिलाव्याला. राहायला धड जागा नाही, मालक हात उचलणारा, हंगाम संपला की काम बंद. मग भूक लागली की पोरगा पाव उचलायचा, रस्त्यावरच्या टोळीत शिरायचा आणि पोलिसांच्या हाती लागायचा.

जोसेफ काफास्सो नावाच्या ज्येष्ठ पाद्र्यांनी डॉन बॉस्कोंना तुरुंगात नेलं. तिथं बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार पोरं रिकामी बसलेली, अंगावर उवा-पिसवा, पोटाला पुरेसं नाही. मुरलेल्या गुन्हेगारांच्या सोबत कोंडलेली. आत येताना पाव चोरायला आलेला पोरगा बाहेर जाताना कुलूप फोडायला शिकून जायचा. काही पोरं मनापासून सुधारायचं ठरवून बाहेर पडायची. थोड्याच दिवसांत तीच पोरं परत आत दिसायची.

डॉन बॉस्कोंनी त्यांची चौकशी केली, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं आली. सुटल्यावर त्यांना जायला जागाच नव्हती. घर नाही, काम नाही, ओळखीचं कुणी नाही. तुरुंगाबाहेर एखादा तरी माणूस त्यांची वाट बघत असता, सुट्टीच्या दिवशी त्यांना जवळ करत असता, काम शोधून देत असता, तर यातली कितीतरी पोरं परत आत आली नसती. आणि असा माणूस आधीच भेटला असता, तर पहिल्यांदाही आली नसती. हे त्यांच्या मनानं पक्कं घेतलं.

एका पोरापासून सुरुवात

८ डिसेंबर १८४१ ची सकाळ. चर्चच्या आतल्या खोलीत एक पोरगा घुटमळत उभा होता. चर्चच्या सेवकाला वाटलं की हा उपासनेत मदत करायला आलाय. मला ते येत नाही म्हटल्यावर सेवकानं झटकणीच्या दांड्यानं त्याला बडवून हाकलून दिलं. डॉन बॉस्को तिथंच होते. तो माझा मित्र आहे, त्याला परत बोलवा, असं त्यांनी सेवकाला बजावलं.

पोराचं नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय १६, काम गवंड्याच्या हाताखाली, आई-वडील दोघंही वारलेले, अक्षरओळख नाही. डॉन बॉस्कोंनी त्याची विचारपूस केली, थोडं शिकवलं आणि पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन यायला सांगितलं. तो आला, सोबत आणखी पोरं घेऊन. काही महिन्यांत आकडा शंभरच्या घरात गेला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत चारशेच्या आसपास.

रविवारी सकाळी प्रार्थना, मग खेळ, गाणी, फिरायला जाणं, थोडं लिहिणं-वाचणं. पण खरं काम बाकीच्या सहा दिवसांत व्हायचं. डॉन बॉस्को बांधकामाच्या परांचीखाली जाऊन उभे राहायचे, पोरांची विचारपूस करायचे, मालकाशी बोलायचे. कुणाचं काम सुटलं असेल तर दुसरीकडं शब्द टाकायचे. आपल्याला भेटायला कुणीतरी कामावर आलंय, याचंच त्या पोरांना अप्रूप वाटायचं.

जागा कुणी देईना

एवढी पोरं एकत्र आली की दंगा होणारच. शेजारी तक्रार करायचे आणि जागा सोडावी लागायची. कधी गिरणीजवळ, कधी दफनभूमीच्या आवारात, कधी भाड्याच्या खोल्यांत, तर कधी उघड्या शेतात असा हा संसार फिरत राहिला. शहराच्या पोलीस कारभाराचे प्रमुख मार्क्विस काव्हूर यांना वेगळीच भीती होती. गरिबांची शेकडो पोरं एका माणसाच्या शब्दावर चालतात म्हणजे उद्या बंड होईल, असं त्यांना वाटायचं. त्यांनी हे बंद करायचा प्रयत्न केला, पोलीस पाळतीवर ठेवले. राजा चार्ल्स अल्बर्ट यांनी पाठीशी घातलं म्हणून काम वाचलं. काही ओळखीच्या पाद्र्यांना तर डॉन बॉस्कोंचं डोकं फिरलंय असंच वाटायला लागलं होतं.

१२ एप्रिल १८४६, ईस्टरचा रविवार. शहराच्या कडेला वाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड त्यांना भाड्यानं मिळाली. छत इतकं खाली की जमीन खणून आत उभं राहण्यापुरती उंची करून घ्यावी लागली. पण ही जागा टिकली.

त्याच उन्हाळ्यात कामाच्या ताणानं डॉन बॉस्को मरणाच्या दारात गेले. दिवसभर ओझी वाहणाऱ्या पोरांनी उपास धरले, प्रार्थना केल्या. ते वाचले. विश्रांतीला गावी गेले आणि नोव्हेंबरमध्ये परत आले ते आईला सोबत घेऊन. ५८ वर्षांच्या मार्गेरिता गावचं घर सोडून पायी तुरिनला आल्या. पुढची दहा वर्षं, मरेपर्यंत, त्या या पोरांच्या आई झाल्या. लग्नातले कपडे आणि दागिनेही त्यांनी याच कामात घातले.

पांघरुणं चोरीला गेली, तरी...

सगळं गोड गोड झालं असं नाही. १८४७ च्या वसंतात काही बेघर पोरांना रात्री गवताच्या माळ्यावर झोपायला दिलं. सकाळी बघतात तर पोरंही नाहीत आणि चादरी-पांघरुणंही नाहीत. सगळं घेऊन पसार. दुसरा कुणी असता तर दार कायमचं बंद केलं असतं.

थोड्याच दिवसांनी, मे महिन्यात, धो धो पावसात एक पंधरा वर्षांचा पोरगा दारात आला. गवंडीकामाच्या शोधात दूर डोंगरातून आलेला, जवळचे पैसे संपलेले, कुणी नसलेला. मार्गेरिता यांनी त्याला चुलीजवळ बसवून गरम सूप आणि पाव दिला. मागचा अनुभव ताजा होता, हा भांडी घेऊन पळाला तर, अशी शंका त्यांनी बोलूनही दाखवली. तरी त्या आणि तो पोरगा मिळून बाहेरून विटांचे तुकडे घेऊन आले, चार छोटे खांब रचले, वर फळ्या टाकल्या आणि अंथरूण केलं. झोपण्याआधी त्यांनी पोराला कष्टाच्या आणि प्रामाणिकपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. मग बाहेरून कडी घातली. विश्वास टाकला, पण डोळे मिटून नाही. या एका अंथरुणापासून वसतिगृह सुरू झालं. निजण्याआधी दोन शब्द बोलायची ती पद्धतही पुढं त्यांच्या सगळ्या संस्थांत रुजली.

स्टॅम्प पेपरवरचा करार

काम मिळवून देणं पुरेसं नाही, हे डॉन बॉस्कोंना लवकरच कळलं. मालक शिकाऊ पोराला धंदा शिकवायच्या ऐवजी घरची धुणीभांडी करायला लावायचा, वर मारायचा. म्हणून १८५१-५२ पासून त्यांनी मालकांशी रीतसर करार करायला सुरुवात केली, तोही स्टॅम्प पेपरवर. त्यावर मालक, पोराचं घरचं माणूस आणि डॉन बॉस्को यांच्या सह्या असायच्या. मालकानं धंदा पूर्ण शिकवायचा, दुसरी कामं सांगायची नाहीत, चुकलं तर तोंडानं समजवायचं, हात उचलायचा नाही, ठरलेली मजुरी द्यायची आणि रविवारची सुट्टी द्यायची. पोरानंही मन लावून काम करायचं. बालमजुरांच्या बाजूनं कायदा जवळपास नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढं त्यांनी स्वतःच्याच आवारात कामशाळा काढल्या. १८५३ मध्ये बूट शिवणं आणि शिंपीकाम, मग पुस्तक बांधणी, सुतारकाम, छापखाना, लोहारकाम. रात्रशाळा आधीपासून होतीच. सरकार नवी मेट्रिक मापं आणणार म्हटल्यावर त्यांनी किलो-लिटरचा हिशेब समजावणारं छोटं पुस्तक लिहिलं, म्हणजे बाजारात आपल्या पोराला कुणी फसवायला नको.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरिनमध्ये कॉलरा पसरला. लोक आजाऱ्याच्या जवळ जाईनात. तेव्हा डॉन बॉस्कोंची पोरं रुग्णांच्या सेवेला घरोघर गेली. एकालाही लागण झाली नाही. ज्यांना शहर उडाणटप्पू म्हणत होतं, त्याच पोरांसाठी आता लोक दार उघडत होते.

शिक्षेच्या आधीची वाट

पोरांच्या तुरुंगाची एक कथा त्यांचे अनुयायी आजही सांगतात. तिथली तीनशेवर पोरं पहारेकऱ्यांशिवाय दिवसभर सहलीला नेली आणि संध्याकाळी सगळीच्या सगळी परत आणली, अशी ती कथा. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत. पण कामाची पद्धत काय होती, ते त्यांनी स्वतः १८७७ मध्ये लिहून ठेवलं आहे. पोरांना वळण लावायच्या त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे नियम सांगायचे, चूक होईपर्यंत थांबायचं आणि मग शिक्षा करायची. दुसरी म्हणजे पोरांच्या सोबत राहायचं, खेळायचं, लक्ष ठेवायचं, म्हणजे चूक व्हायच्या आधीच सावरता येतं. त्यांनी दुसरी वाट धरली. समजावून सांगणं, श्रद्धा आणि माया या तीन गोष्टींवर त्यांचा भर होता. छडीला तिथं जागा नव्हती. पोरांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते पोरांना जाणवलंही पाहिजे, असं ते मानत.

१८५९ मध्ये त्यांनी आपल्याच काही विद्यार्थ्यांना घेऊन सेलेशियन संस्था उभी केली. १८७२ मध्ये मारिया माझारेल्लो यांच्यासोबत मुलींसाठी काम सुरू झालं. १८७५ मध्ये पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली. ३१ जानेवारी १८८८ रोजी, ७२ व्या वर्षी, तुरिनमध्येच डॉन बॉस्को गेले. १९३४ मध्ये चर्चनं त्यांना संतपद दिलं. त्यांचे लोक १९०६ साली भारतात, तंजावरला पोचले.

आज आपल्याकडं कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात टाकता येत नाही. तो रस्ता जगानं गाठला. पण शाळा सुटलेली, गाव सोडून बांधकामावर, हॉटेलात, ट्रकवर गेलेली पोरं आजही प्रत्येक तालुक्यात आहेत. डॉन बॉस्को अशा पोरांकडं परांचीखाली जाऊन उभे राहत. कुठं राहतोस, मालक मारतो का, रविवारी काय करतोस, एवढंच विचारत. पोराशी ओळख तिथून सुरू व्हायची.