कलामहर्षी बाबूराव पेंटर

करवीरनगरीला कलापूर म्हणण्याची प्रथा पडली ती ज्या मोजक्या माणसांमुळे, त्यांत बाबूराव पेंटर यांचे स्थान अग्रभागी आहे. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांच्या घरी सुतारकीचा आणि कोरीव कामाचा वारसा होता. कलाशाळेची पायरी न चढता वडिलांच्या हत्यारांशी खेळत ते चित्रकला आणि मूर्तिकला शिकले. पुढे कुंचल्याने इतका लौकिक मिळविला की, मेस्त्री हे आडनाव मागे पडून 'पेंटर' हीच त्यांची ओळख झाली.

नात्याने बंधू लागणारे आनंदराव हे त्यांचे खरे सहाध्यायी. १९१० ते १९१६ या काळात या दोघांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. सपाट कापडावर राजवाड्यांची आणि अरण्यांची खोली दाखविण्याची विद्या त्यांना येथेच साधली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रकाशित झाला आणि या जोडीला चलच्चित्राने झपाटून टाकले. रंगविलेला पडदा कितीही देखणा असला तरी तो हालत नाही, ही उणीव आता त्यांना अस्वस्थ करू लागली.

फाळके यांनी १९१२ मध्ये विलायतेस जाऊन कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या कारागिरांपाशी तेवढे द्रव्य नव्हते. त्यातच १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्याने परदेशी यंत्रे अधिकच दुर्मीळ झाली. तेव्हा त्यांनी हाताशी असलेल्या साधनातून वाट काढली. मुंबईच्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले. त्यावर खेळ करून ते चार पैसे मिळवीत आणि त्याचे भाग सुटे करून अभ्यासही करीत.

या अभ्यासामागील तर्क मोठा मार्मिक होता. प्रक्षेपक आणि कॅमेरा ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत. दोन्ही यंत्रांत फीत अखंड सरकत नाही. एक चौकट क्षणभर थांबते, मग झडप प्रकाश अडविते आणि तेवढ्यात पुढची चौकट जागेवर येते. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे १६ वेळा ही क्रिया घडत असे आणि तिची गती हाताने फिरवायच्या दांड्यावर अवलंबून असे. प्रक्षेपकात प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात तो बाहेरून आत येतो. म्हणजे प्रकाशाला वाव नसलेली पेटी, योग्य भिंग आणि बिनचूक ओढ देणारी दातेरी चक्रे जमली की कॅमेरा सिद्ध व्हावा. मात्र दातांच्या अंतरात केसभर चूक झाली तरी चित्र थरथरते किंवा फीत फाटते. चुकत, मोडत, पुन्हा घडवीत काम चालले होते, तोच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले.

अर्धवट यंत्र आणि न फिटलेली हौस मागे उरली. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. याच सुमारास तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. शाहू महाराजांचे पाठबळही तिला लाभले. १९२० मध्ये पुण्यात 'सैरंध्री' प्रकाशित झाला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हेही त्याचे वैशिष्ट्य. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' म्हणून गौरव केला.

पुढे 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, तर 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये कर्जाने नागवलेल्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतःच रंगवीत.

त्या काळी हैदराबादेतही असा प्रयत्न झाला होता. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ मध्ये येथे लोटस फिल्म कंपनी काढली. परंतु 'रझिया बेगम' हा चित्रपट दाखविल्याने निजामाची इतराजी होऊन त्यांना १९२४ मध्ये संस्थान सोडावे लागले. कलेला राजाश्रय किती तारतो आणि किती मारतो, हे या दोन संस्थानांच्या इतिहासात दिसते.

कोल्हापूरच्या कंपनीवर आघात झाला तो घरातूनच. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी १९२९ मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बोलपटाचे युग १९३१ मध्ये उजाडले, त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी 'उषा' (१९३५) आणि बोलका 'सावकारी पाश' (१९३६) असे चित्रपट केले; परंतु मूकपटातील ते वैभव पुन्हा आले नाही. उत्तरायुष्यात ते चित्रे आणि शिल्पे यांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ची १९३७ मध्ये व्हेनिस येथे वाखाणणी झाली. ज्या हातांनी तो चित्रपट घडविला, ते कोल्हापूरच्या त्याच कारखान्यात तयार झाले होते. घरी घडविलेल्या एका कॅमेऱ्याने मराठी चित्रपटाला कारागिरांची एक पिढी मिळवून दिली. बाबूरावांचे ऋण मोजायचे ते या मापाने.